हवेत धरलेला नेम

तांबडा ठिपका वर्तुळात ठरत नव्हता, आणि त्याविषयी दोघांपैकी कोणीच बोलत नव्हतं.

मुलुंडच्या त्या दिवाणखान्यात उन्हाची शेवटची तिरीप जमिनीवरून मागे सरकत होती. टीव्हीवर एक पांढरं वर्तुळ, त्यात दोन ठिपके. दोन्ही क्षणभर स्थिर राहिले की खेळ सुरू होणार होता. निळा केव्हाच आत येऊन निवांत झाला होता. तांबडा मात्र कडेशी थरथरत होता, तापात बरळणाऱ्याच्या ओठांसारखा.

रेवतीने बाबांकडे पाहिलं. डॉक्टर नंदकुमार टीव्हीकडे पाहतच नव्हते. त्यांची नजर खाली, हातांवर होती. लाज वाटत असेल, असं तिच्या मनात आलं.

थोड्या वेळापूर्वी गेमपॅडवर त्यांनी तिला पुरती धूळ चारली होती. बाबांनी आपला गेमपॅड आधी सुरू केला, म्हणून त्यांच्या अर्ध्या पडद्याला तांबडी चौकट, तिच्या अर्ध्याला निळी. डॉक्टरीणबाई, पाठ सांभाळा, असं चिडवत त्यांनी तिला तीनदा गारद केलं होतं. बंदुकांचा हा खेळ बापलेकींचा जुनाच होता. मग रेवतीने खोक्यातून नवे मोशन कंट्रोलर काढले, आधी स्वतःचा सुरू केला, मग त्यांचा, आणि म्हणाली, बघू तरी कशात जास्त मजा आहे.

फरक तिने त्यांना समजावून सांगितला होता. गेमपॅड मांडीवर टेकतो, काम अंगठ्यांचं असतं, आणि नेम जरासा चुकला तर खेळच तो ओढून शत्रूवर नेतो. मोशन कंट्रोलर हवेत धरायचा. मनगट हललं की नेम हलला. तिथे दयामाया नाही.

मजेशी तिला देणंघेणं नव्हतं. दिवाळीनंतर विद्याधर काकांचा मोतीबिंदू काढताना तिने चिमट्याने डोळा धरला होता, बाबांचं हत्यार आत होतं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली सगळा डोळाच थरथरू लागला. भिंगामागचं पातळ आवरण फाटलं. बाबांनी कसंबसं निभावून नेलं. त्या दिवसापासून त्यांनी तिला थिएटरमध्ये येऊ दिलं नव्हतं. तू ओपीडी बघ, एवढंच म्हणाले. मदतीला आता फक्त मालन सिस्टर असत. थरथर ओळखणारं माणूस त्यांना शेजारी नको असेल, असा अर्थ रेवतीने लावला होता.

आणि उद्या शेवंतीबाई येणार होत्या, विक्रोळीहून. त्यांचा एक डोळा लहानपणीच गेलेला. उरलेला उद्या टेबलावर असणार होता.

"बाबा, किती दिवस असं गप्प राहायचं?"

तिने मोकळ्या हाताने पडद्याकडे बोट दाखवलं.

"गेमपॅडवर काही कळत नाही रे. इथे कळतं."

"कळतं," ते हळूच म्हणाले. "म्हणून आणलेस हे?"

"हो."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत इतकी माया होती की तिला भीती वाटली.

"धीराची आहेस गं. मी रोज ठरवायचो, आज बोलू. जमायचं नाही."

मग ते मोकळे होत गेले. घाटकोपरला त्यांचा एक जुना मित्र होता, नसांचा डॉक्टर. त्याच्याशी त्यांनी बोलून ठेवलं होतं. औषधाने पुष्कळ आटोक्यात येतं, आयुष्य काही थांबत नाही, असं तो म्हणाला होता. सूक्ष्मदर्शक सुटला तरी रोगी तपासता येतात, शिकवता येतं. ते एखाद्या लहान मुलाची समजूत घालावी तसे बोलत होते. ते स्वतःचीच समजूत घालताहेत, असं रेवतीला वाटलं. तिला हायसं वाटलं. इतक्या सहज ते मान्य करतील, अशी तिला आशा नव्हती.

"मग ठरलं," ती म्हणाली. "उद्या शेवंतीबाईंचं ऑपरेशन मी करते."

बाबांचा चेहरा एकाएकी ओळखू येईनासा झाला.

"चालेल ना, बाबा?"

त्यांनी आपला कंट्रोलर बंद करून टीपॉयवर ठेवला, जाता जाता तिच्या केसांवरून हात फिरवला आणि ते आत निघून गेले. पडद्यावरचा निळा ठिपका विझला. तांबडा अजून थरथरत होता.