एकाच चेहऱ्याच्या दोघी

एकेचाळिसाव्या मजल्यावरच्या हॉटेलच्या खोलीत हेमलताताई अडकल्या होत्या, दार आतून उघडेना. "आपण बाहेर गेला आहात," दार शुद्ध मराठीत म्हणालं.

बाहेर गेली होती ती त्यांची जुळी बहीण, स्नेहलता. चीनमधल्या या चोंगचिंग शहरात किल्ली नव्हती, तिकीट नव्हतं. चेहरा दाखवला की सगळं उघडायचं. आल्या दिवशी हॉटेलच्या यंत्राने दोघींना एकच धरलं, तेव्हा साठीतल्या या बहिणी पोट धरून हसल्या होत्या.

आता फोनवर स्नेहलताचा आवाज कापत होता. "हेमे, नदीकाठी चक्कर येऊन पडले गं. दवाखान्यात आणलंय. छातीत दुखतंय, तू ये."

"निघालेच!" हेमलताताईंनी दाराला पुन्हा पुन्हा चेहरा दाखवला, हात जोडले, शेवटी लाथ घातली. मदतीच्या फोनवरही तेच गोड यंत्र बोललं, "आपण बाहेर गेला आहात." जन्मभर ज्याचं कौतुक झालं, तो बहिणीसारखा चेहरा आज त्यांना नकोसा झाला.

त्या आरशासमोर गेल्या. लिपस्टिक, काजळ, कुंकू, हाताला लागेल ते तोंडभर फासून पुन्हा दारासमोर उभ्या राहिल्या.

"आत अनोळखी व्यक्ती!" दार किंचाळलं.

दोन पहारेकरी दार उघडून आत घुसले. एकाने त्यांचं मनगट घट्ट पकडलं, दुसऱ्याने अनुवादाचं यंत्र पुढे केलं.

"कोण तुम्ही?"

"तिची बहीण," हेमलताताई रडत म्हणाल्या. "ती दवाखान्यात एकटी आहे हो. कैद करायचं तर तिथे नेऊन करा."

पहारेकऱ्याने मनगट सोडलं नाही. तसंच धरून तो त्यांना घेऊन लिफ्टकडे धावत सुटला.