पाहुण्याची कॉफी

मुस्लिहने पेला ओठांना लावलाच नाही. समोर गालिच्यावर ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिला.

बैठकीतली बडबड जागच्या जागी थांबली. तक्क्यांना टेकलेले सगळे पुरुष आधी पेल्याकडे, मग मुस्लिहकडे आणि शेवटी घरमालकाकडे, बू दुऐजकडे, बघू लागले. आमच्या कुवेतमध्ये पाहुण्याने कॉफी न पिता खाली ठेवली, की त्याचं काहीतरी मागणं असतं. तो तसाच उठून गेला, तर यजमानाचं नाक कापलं जातं आणि रात्रीच्या जेवणापर्यंत ते शहरभर होतं.

पण हा कसला पाहुणा! हा तर बू दुऐजच्याच सिक्युरिटी कंपनीतला गार्ड, पाण्याचे पंप विकायला आलेल्या प्रेंटिस नावाच्या इंग्रजासोबत फिरायला नेमलेला. मुस्लिह उंबऱ्याबाहेर थांबतच होता. प्रेंटिसच अडून बसला, "करारात लिहिलंय, हा कायम माझ्या नजरेसमोर राहील." त्यावर बू दुऐज मोठ्या दिलाने हसला होता. "येऊ दे, येऊ दे! माझ्या उंबऱ्याच्या आत आला तो पाहुणाच." असं बोलायला काय जातं? मुस्लिहने मात्र शब्द तिथेच पकडला. छातीवरचा परवान्याचा बिल्ला काढून खिशात टाकला आणि थेट बाकीच्यांच्या रांगेत जाऊन बसला.

"कॉफी घे, मुस्लिह," बू दुऐज हसत म्हणाला. हसू ओठांपुरतंच होतं.

"आधी माझं म्हणणं ऐका, बू दुऐज."

साहेब नाही, शेख नाही. बू दुऐज, म्हणजे दुऐजचा बाप. बरोबरीचे हाक मारतात तशी.

"बोल."

"अव्वादला सोडवा."

अव्वाद म्हणजे मुस्लिहच्या आधी प्रेंटिससोबत असलेला गार्ड. दोघंही सुदानचे, एकाच गावचे. रस्ता चुकला म्हणून प्रेंटिसने टॅक्सीवाल्याच्या थोबाडीत ठेवून दिली होती. दुसरी मारायला हात उचलला, तो अव्वादने वरच्या वर धरला. गुन्हा एवढाच. पण गार्डने हत्यार बाळगायचं नाही, बळ वापरायचं नाही, आणि गिऱ्हाइकाच्या अंगाला हात लावायची तर गोष्टच नको, असा नियम. प्रेंटिस भडकला, बू दुऐजने पोलिसांत तक्रार ठोकली, अव्वाद कोठडीत गेला, आणि उद्याच त्याला विमानात बसवून देशाबाहेर काढणार होते. टॅक्सीवाल्याचा सुजलेला गाल कुठल्याच नियमात बसला नाही. याची चीड येते.

"हे कंपनीचं काम आहे," बू दुऐज म्हणाला. "उद्या ऑफिसात ये, बघू."

"ऑफिसात मी नोकर आहे. इथं पाहुणा आहे. तुम्हीच म्हणालात."

कोपऱ्यात बू दुऐजचा म्हातारा मामा मर्जूक बसला होता. त्याला भाच्याची फजिती बघायला मनापासून आवडायचं. "भाच्या, पाहुण्याची कॉफी गार होतेय हं!" तो मोठ्याने म्हणाला. दोघंतिघं खुसखुसले.

प्रेंटिसला अरबी येत नव्हती. "काय झालं? कॉफी बिघडलीय का?" त्याने विचारलं.

बू दुऐज पुढे झुकला. "एका फोनवर तुझा परवाना रद्द होईल. उद्या अव्वादच्या शेजारच्या सीटवर बसवीन तुला, कळलं?"

"बसवा. पिशवी भरून आलोय," मुस्लिह म्हणाला. "पण हा पेला इथंच राहील. आणि हे सगळे बघतायत."

बू दुऐजने प्रेंटिसकडे पाहिलं, मग पेल्याकडे, मग मामाकडे. प्रेंटिस चिडला तरी पंपाचा सौदा परत जमवता आला असता, पण मामाचं तोंड कुणाला बंद करता आलं असतं? त्याने खिशातून फोन काढला.

"मी बोलतोय. अव्वादवरची तक्रार मी मागे घेतली. हो, आत्ता. अहो, सह्या करायला माणूस धाडतो ना!"

अव्वादचं नाव ऐकून प्रेंटिस ताडकन उठला. "त्या गुंडाचं काय?"

"नंतर, नंतर," बू दुऐज त्याला म्हणाला आणि मुस्लिहकडे वळला. "झालं? घे आता."

"त्याचा आवाज ऐकू दे."

बू दुऐजच्या कानशिलावरची शीर टरारली, पण त्याने फोनमध्ये दोन शब्द सांगितले आणि फोन मुस्लिहपुढे धरला.

"मुस्लिह? अरे, हे लोक माझी चप्पल शोधून देतायत! तू करतोयस तरी काय?"

"कॉफी प्यायला बसलोय," मुस्लिह म्हणाला.

बू दुऐजने फोन ओढून घेतला. "पी. आणि पिऊन झाली की चालता हो. उद्यापासून कामावर यायचं नाही."

मुस्लिहने पेला उचलला आणि एका घोटात रिकामा केला. पुरे असेल, तर पाहुण्याने पेला हलवून परत द्यायचा असतो. तो हलत नाही तोवर पाहुण्याला कुणी ऊठ म्हणत नाही, खुद्द घरमालकसुद्धा नाही. सगळ्यांचे डोळे त्या हातावर खिळले.

मुस्लिहने पेला कॉफी वाढणाऱ्यापुढे धरला. हात अगदी स्थिर होता.

"ती गार झाली होती," तो म्हणाला. "गरम ओत."