गुणी
“खालच्या मालनचे यंत्रमाग बरेच दिवस बंद आहेत गं. तिच्याकडं जरा बघून ये,” सासूबाई गेल्या महिन्यात म्हणाल्या. मी म्हटलं, “असू देत आई. खडखड थांबल्यापासून ओवी दुपारची झोपते तरी.”

आज ओवीचं दुपटं वाऱ्यानं खाली पडलं, म्हणून गेले. मालनची मुलगी माझ्या ओवीएवढीच. पाळण्यात डोळे उघडे ठेवून गप्प पडली होती. मी सहज बोलून गेले, “किती गुणी गं तुझी. रडतच नाही.”

“रडायची वैनी,” मालन बाटली हलवत म्हणाली. “आता दमते.”

बाटलीत पेजेचं पाणी होतं. अंगावरचं आटलेलं, आणि मागाला काम नसल्यानं विकतचं दूधही थांबलेलं. मुलीला उचललं, तर हाताला वजनच लागेना. तशीच रिक्षा केली.

दवाखान्याच्या बाकावर बसून हे लिहितेय. आत सलाईन लावलंय. डॉक्टर अजून काही सांगत नाहीत. त्या शांततेत मीही रोज झोपत होते.

तुमच्या गल्लीतल्या अशा काम थांबलेल्या एखाद्या घरी आजच जाऊन या. सुईदोरा मागायला म्हणून जा, म्हणजे त्यांना अवघडल्यासारखं होणार नाही.