निकाल फिरल्यावर

ग्यानोबानं बिरादारांना लगेच ओळखलं. अंगावर काळा कोट नव्हता, केस पांढरे झाले होते, तरी ओळखलं. हातातलं खुरपं खाली ठेवून तो बाजेशेजारी उभा राहिला. त्यांनी बस म्हटलं तरी बसला नाही.

मल्लिनाथ बिरादार लातूरहून रेणापूरजवळच्या या वस्तीवर एकटेच आले होते. वीस वर्षं वकिली, पंधरा वर्षं न्यायाधीशी, निवृत्त होऊन चार. ग्यानोबाला त्याच्याच धाकट्या भावाच्या, मारोतीच्या खुनाबद्दल त्यांनीच जन्मठेप दिली होती. नऊ वर्षांनी वरच्या कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. खून डोळ्यांनी बघणारा म्हणून उभा केलेला साक्षीदार खोटा निघाला.

त्या साक्षीदाराचा संशय तेव्हा बिरादारांनाही आला होता. निकाल लिहिताना त्यांनी तो बाजूला सारला. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, ग्यानोबाला सांगितलं.

ग्यानोबाला माफी नको होती. एकच काम होतं. घरी येऊन सहा महिने झाले, आई त्याच्याशी बोलत नव्हती. त्याच्या हातचं पाणीसुद्धा घेत नव्हती. सुटकेचा कागद त्यानं वाचून दाखवला, तर तिनं तोंड फिरवलं.

"तुमी सांगा, साहेब," तो म्हणाला. "तुमचं ऐकंल ती."

त्याची आई, पंचफुलाबाई, ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. बिरादारांनी चपला काढल्या आणि त्यांच्यासमोर खालीच बसले. आपण कोण ते सांगितलं. ग्यानोबानं काही केलं नाही, चूक माझी होती, हेही सांगितलं.

म्हातारीचे हात थांबले नाहीत.

"तवा बी तुमीच सांगितलं व्हतं," ती म्हणाली.

मग तिनं सूप बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदाच बिरादारांकडे नीट पाहिलं.

"बरं, यानं न्हाई मारलं. मग माज्या मारोतीला कुणी मारलं?"

बिरादारांनी वळून ग्यानोबाकडे पाहिलं. दारात उभा राहून तोही त्यांच्याच तोंडाकडे पाहत होता.