छतावरची वीण

"अप्पा, समोर बघून चला, पडाल," मुलगी म्हणाली. मी मान वर करून छत बघत होतो.

आयर्लंडमधला तो पाचशे वर्षांचा दगडी बुरूज म्हणजे एका सरदाराचं राहतं घर. त्याच्या कमानदार छताच्या चुन्यात तट्ट्याची वीण उमटली होती. आम्ही बुरूड, बांबूचे तट्टे विणणारे, मला ती लगेच ओळखू आली. गाइडबाईंनी सांगितलं, की फांद्यांचे तट्टे वाकवून त्यांवर चुना आणि दगड रचत. तट्टे कुजून गेले, ठसे राहिले.

घरी माझ्याकडेही एक तट्टा अर्धा पडला आहे. माझ्या बायकोने, हौसाने तो विणायला घेतला आणि मार्चमध्ये ती गेली. मुलगी दोनदा म्हणाली, टाकून द्या. मला ते जमलं नाही आणि पुरा करायलाही हात धजावला नाही. तिची वीण घट्ट. माझी बघून म्हणायची, "यातून मांजर जाईल." माझ्या विणीत तिची हरवून जाईल, ही भीती होती.

"हा दोघांनी विणलाय," मी छताकडे बोट दाखवलं. "इथपर्यंत एकाचा हात, पुढे दुसऱ्याचा."

मुलीने ते बाईंना सांगितलं. त्या बराच वेळ वर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "खरंच की. नऊ वर्षं रोज इथे येते, कधी दिसलं नाही."

जिना उतरताना मुलीने विचारलं, "अजून महिनाभर राहता ना?"

"नको," मी म्हणालो. "घरी जाऊन कामट्या भिजत घालतो. तुझ्या आईचा तट्टा पुरा करायचाय."