मासाचं अक्षर

लिपी-नोंदणी केंद्रातल्या रोहिणीने लेखणी पुढे केली. "आजी, आता ही लिपी लिहिणाऱ्या तुम्ही एकट्याच. वर्षभर न लिहिलेलं अक्षर केंद्राचं यंत्र कायमचं पुसतं. 'मा'ची मुदत आज संपतेय. एकदाच लिहा."

दसरीने लेखणी घेतली नाही. "मेलेल्याच्या नावाचं पहिलं अक्षर आम्ही वर्षभर लिहीत नाही. माझ्या नवऱ्याचं, मासाचं, वर्ष परवा भरेल. 'मा' शेवटचं त्यानेच लिहिलं, जायच्या दोन दिवस आधी."

"यंत्र दोन दिवस थांबत नाही, आजी."

"दुखवटाही थांबत नाही, बाई."

गावातल्या एकेका मरणाने असंच एकेक अक्षर नेलं होतं. संध्याकाळी 'मा' पुसलं गेलं. उरलेल्या चारांत दसरीचं 'द' होतं. त्याचा दुखवटा धरायला मागे कुणीच नव्हतं.