लिंबूफुलाचं अख्खं पाकीट

रणनवरे साहेबांना नेम साधत नाही, पण काडतुसाची पुंगळी मात्र सोन्यासारखी चकचकीत लागते.

रायफल क्लबात झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरायच्या आधी मी धुते. पिंपात पाणी, साबण, स्टीलच्या बारीक पिना आणि चमचाभर लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक अॅसिड, घालून तासभर फिरवते. काल साहेबांनी मला न विचारता लिंबूफुलाचं अख्खं पाकीट ओतलं आणि पिंप दिवसभर फिरवलं. आज पुंगळ्या निघाल्या त्या गुलाबी.

“बघा बाई, याला म्हणतात चकाकी! भरा दारू, उद्या निवड चाचणी आहे.”

“आंबटानं पितळ खाल्लंय, साहेब. बंदुकीतच फुटतील या. भंगारात टाका.”

“तुम्ही आपली भांडी घासल्यासारखी घासा फक्त. साडेनऊ बोटांच्या बाईनं मला बंदूक शिकवू नये.” बरोबरचे मेंबर फिदीफिदी हसले.

चमक बघून भुलणाऱ्याला शब्द कळत नाहीत. मी एक गुलाबी पुंगळी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि तिच्याशेजारी माझी अर्धी तर्जनी टेकवली.

“हे बोट गेलं, त्याच्या आदल्या दिवशी अख्खं पाकीट मीच ओतलं होतं.”